हिरामणच्या कपाळावरची शीर

हिरामण घरत हा माणूस फारसा कामाचा नाही, हे इंदुबाईला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं. वाईट एवढंच, की बाकीच्या करंजखारला ते पुढं बावीस वर्षं कळलं नाही. गाव ते केवढं? पेणहून धरमतरच्या खाडीकडं उतरलं की सत्तर-ऐंशी उंबरे, एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला खारीची भातशेती. एवढ्याशा गावात कुणी शिंकलं तरी शेवटच्या घराला कळतं. पण हिरामण कसा आहे ते कुणाला दिसलं नाही, कारण ज्याचे त्याचे डोळे त्याच्या कपाळावर.

त्या कपाळावर एक शीर होती. उजव्या भुवईच्या वर निघायची, मधे एक वळसा घ्यायची आणि केसांत शिरायची. चांगली करंगळीएवढी जाड. एरवी निजलेली असायची; हिरामण रागावला, ओझं उचललं किंवा दणकून खोकला की उठून बसायची. त्याच्या बापाला तशीच होती, आजालाही तशीच होती, आणि त्या आजाच्या अंगात बांधावरची आई यायची. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावानं जो मातीचा बांध घातलाय, त्याच्यावर शेंदूर फासलेला एक दगड आहे, तीच ही आई. चैत्री पुनवेला सकाळी ती घरतांच्या घरातल्या माणसाच्या अंगात यायची आणि सगळं गाव तिला आपापली गाऱ्हाणी घालायचं. पोरीचं जमेल का, म्हैस गाभण का राहत नाही, कुणी करणी केली का. आई खरंच आली की सोंग आहे, हे ओळखायची खूण एकच. शीर उठली की आई आली, शीर निजली की आई गेली. गावकीचा म्होरक्या बाबाजी, सत्तरीचा म्हातारा, हात जोडून आधी वाकून शीर बघायचा आणि मगच तोंड उघडायचा.

आता इंदुबाईनं काय बघितलं ते ऐका. नवी नवरी, आईचा उपास धरलेली, चैत्री पुनवेच्या आदल्या दिवशी गोवऱ्या आणायला मागच्या गोठ्यात गेली. तिथं तिचा नवरा दाढीचा आरसा गव्हाणीत टेकवून बसला होता. दात आवळलेले, श्वास कोंडलेला, गाल लालभडक. शीर हळूहळू वर आली, तसा तो आरशात स्वतःकडं बघून हसला, श्वास सोडला आणि परत कोंडला. तालीम चालली होती. इंदुबाई पाय न वाजवता मागं फिरली आणि चुलीपाशी येऊन तिनं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. उपास कुणासाठी करायचा? त्या दिवसापासून नवरा तिच्या मनातून उतरला तो उतरलाच.

आणि उतरू नये तर काय? काम म्हटलं की ह्याची कंबर धरायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढाच काय तो व्यायाम. आईच्या तोंडून हा स्वतःच्या जिभेचे चोचले पुरवून घ्यायचा. आईला खाडीतला जिताडा मासा फार आवडायचा. आईला गावठी कोंबडा चालायचा, ब्रॉयलर चालायचा नाही. आईला तांदळाची नवी पोती बघून आनंद व्हायचा. नेमक्या त्याच वस्तू हिरामणलाही आवडायच्या, आणि ह्याचा गावात कुणाला संशय येऊ नये ह्याचं इंदुबाईला नवल वाटायचं. माणसं मूर्ख असतात ते ठीक, पण इतकी? ती भांडी घासताना मनातल्या मनात सगळ्या गावाला शिव्या घालायची आणि वर डोक्यावर पदर घेऊन आईला नारळ वाढवायची.

पुढं हिरामण रोह्याला धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत लागला. रोह्यातच खोली घेतली, सुटीला घरी यायचा. सफारी शिवला, खिशाला पेन लावलं आणि बोलण्यात शिफ्ट, ड्यूटी, सायेब असे शब्द पेरू लागला. उथळ पाण्याला खळखळाट फार. गावात आला की बांधावरून असा चालायचा की जणू समुद्र ह्यानंच अडवून धरलाय.

समुद्र अडवायचं काम खरं तर सगळ्या घरांचं होतं. बांधाचा वाटा घराघराला मोजून दिलेला, आणि ज्येष्ठ संपायच्या आत ज्यानं त्यानं आपल्या वाट्यावर खाडीतला चिखल आणून घालायचा, पायानं तुडवून बसवायचा, ही वाडवडिलांपासूनची रीत. घरतांच्या वाट्याला लागून सरूचा वाटा. सरू विधवा, अंगानं किडकिडीत, नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही. ती एकटी डोक्यावर पाटी घेऊन चिखल वाहायची आणि वरचा थर हातानं थापून असा गुळगुळीत करायची, की लोक कौतुकानं बघायचे. नव्वद साली तिनं आपला वाटा ज्येष्ठाच्या मध्यालाच पुरा केला. घरतांच्या वाट्यावर मात्र एक पाटी पडली नाही. इंदुबाईनं नवऱ्याला तीन सुट्ट्यांना तीनदा सांगितलं. तो म्हणायचा बघू, करू, ड्यूटी हाय. मग तिनंही हट्ट धरला. नवऱ्याचं काम नवऱ्यानं करावं. पडू दे उघडा, बघू दे एकदा गावाला घरतांचा वाटा कसा दिसतो. मी एकटी बाई किती वाहणार, असं ती शेजारणींना सांगायची. सरूही एकटीच होती, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

आषाढी अवसेच्या उधाणाला, भर दुपारी, बांध फुटला. घरतांच्या वाट्यात फुटला आणि सरूचा दहा हात भाग बरोबर घेऊन गेला. एवढी मोठी खांड पडली, की कुठून सुरू झालं ते सांगायला काही जागेवर उरलंच नाही. नुकती लावलेली सगळी लावणी खाऱ्या पाण्याखाली. असं पाणी शिरलं की ती जमीन दोन-तीन वर्षं भात धरत नाही. लोक ऊर बडवत आईच्या दगडापाशी जमले आणि रोह्याला माणूस पाठवून हिरामणला बोलावून घेतलं. का फुटला, कुणाच्या पापानं फुटला, ते आईलाच विचारायचं ठरलं.

हिरामण आला. येताना त्यानं खांड बघितली आणि ती कुठं पडलीय तेही बघितलं. त्याच्या तोंडचा रंग उडाला, तो इंदुबाईला दिसला. एवढी वर्षं तिला वाटत होतं की ह्या माणसाकडून आता आणखी खाली जाणं होणार नाही. पण तो दगडासमोर बसला, घुमला, दात आवळले, शीर टरारून वर आली, आणि आई बोलली की सरू विटाळात बांधावर चढली, म्हणून मी उठून गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. बाबाजीनं वाकून शीर बघितली. भरलेली होती. मग आणखी काय विचारायचं? गावकीनं तिथल्या तिथं सरूला वाळीत टाकलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिला विहिरीवर येऊ द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, तिच्या शेतात कुणी उतरायचं नाही, लग्नाला नाही आणि मयताला नाही. जो बोलेल तोही तिच्याबरोबर वाळीत.

सरू काही तरी सांगत होती, मी चढले नाय, मी चढले नाय असं. तिचं ऐकायला कुणी थांबलं नाही. इंदुबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि तिच्या हातात तिच्या पोरीचा, शांतीचा हात होता. शांती चौदा वर्षांची. खरं बोललं तर घरतांचं घर वाळीत पडणार, आणि वाळीतल्या घरची पोर कोण करून घेणार? इंदुबाईनं तोंड उघडलं नाही. घरी येऊन चूल पेटवली, नवऱ्याला जेवायला वाढलं, आणि तो दोन घास जास्तच जेवला ते बघितलं.

नंतरची चार-पाच वर्षं सरू रोज सकाळी हंडा घेऊन इंदुबाईच्या दारावरून जायची. मिठागरापलीकडं एक डबकं होतं, तिथलं मचूळ पाणी आणायला. मिठागरावरचा मुकादम बाहेरगावचा, त्याला गावकीचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून तिला मीठ ओढायचं काम तरी मिळालं. जाताना ती मान वळवायची नाही. इंदुबाई अंगण झाडत असली की झाडू हळू करायची, ती पुढं गेली की परत जोरात. नवऱ्याचा तिला एवढा तिटकारा होता, की स्वतःकडं बघायला तिला फुरसतच नव्हती.

चौऱ्याण्णवच्या वैशाखात शांतीचं लग्न झालं. खांब गावचं स्थळ, माणसं भली. पोरगी सासरी नांदायला लागली आणि तिसऱ्या आठवड्यात, हिरामण सुटीला आला तेव्हा, इंदुबाईनं त्याला समोर बसवून सांगितलं. येत्या चैत्री पुनवेला आईनं म्हणायचं की सरूचा दोष नाही, तिला गावात घ्या. आईनं टाकलेलं आईच सोडवू शकते, दुसरं कुणी नाही. म्हणून हे तुम्हालाच करावं लागेल. नाही केलं तर बाबाजीच्या ओट्यावर जाऊन गोठ्यातला आरसा आणि बांधावरचा न घातलेला चिखल, दोन्ही सांगेन. हिरामण उसळला. पाट लाथाडला, डोळे वटारले, शीर टम्म वर आली.

"ती माझ्यापुढं नको," इंदुबाई म्हणाली. "ती कशी उठते ते मला ठाऊक हाय."

शीर निजली. हिरामणनं पोरीच्या डोक्याची शपथ घेतली. आणि इंदुबाईनं महिने मोजायला सुरुवात केली, गरोदर बाईनं मोजावेत तसे. चैत्र आला की सरू विहिरीवर येईल. एवढं एक झालं, की मग नवरा कसाही असो, मेलाबिला, तिचं काही म्हणणं नव्हतं.

पण ह्या माणसाच्या नशिबात सुधं काही नव्हतंच. त्या दिवाळीला कंपनीनं त्याला उत्तम कामगाराचं बक्षीस दिलं. त्याच्या खात्यात सात वर्षांत त्याच्या हातून एकही अपघात झाला नव्हता म्हणून. होणार कसा? हात लावला तर अपघात. बक्षिसाबरोबर कॅन्टीनच्या भिंतीवर फोटो लागणार होता, म्हणून हिरामणसाहेब रोह्यातल्या एलियासच्या स्टुडिओत जाऊन बसले. हा एलियास म्हातारा यहुदी, पिढ्यान् पिढ्या तिथलाच. भाऊ, मुलं सगळी इस्राएलला गेली, हा आणि त्याची बायको रेबेका तेवढी मागं राहिली. जुन्या पद्धतीचा कारागीर. निगेटिव्हच्या खाली दिवा लावून, भिंग घेऊन, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या घालवायचा. त्यानं सवयीनं हिरामणची शीरही घालवली.

फोटो हातात पडला आणि हिरामण खुळावला. कपाळ लख्ख. दहा वर्षांनी तरुण, पेणच्या एखाद्या बँकेतला मॅनेजर वाटावा असा. त्यानं एक प्रत घरी आणून दारावर लावली आणि दर सुटीला फोटो पुसायचा, मग आरसा बघायचा, मग परत फोटो. केसांना कलप लावू लागला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे. कंपनीतली पोरं पाठीमागं त्या शिरेवरून ह्याला गांडूळ म्हणतात, हे त्याला अचानक खुपायला लागलं. आधी इतकी वर्षं म्हणत होती तेव्हा खुपलं नव्हतं. एलियासकडं जाऊन विचारून आला, की ही पेन्सिल खऱ्या तोंडावर चालवणारा कुणी असतो का. म्हातारा म्हणाला म्हणे, की फोटोतली गेली तेवढी पुरे, तोंडावरची बापानं दिलेली असते, राहू द्या. हे हिरामणनंच घरी येऊन हसत हसत सांगितलं. शहाणपणाची गोष्ट कुणी सांगितली की ह्याला हसू यायचं.

डॉक्टर मिळालाच. रोह्यातल्या एका दवाखान्यात मुंबईचा एक सर्जन महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, यायचा. त्यानं शीर चाचपली, हिरामणला खाली वाकायला लावलं, परत उभं केलं. शिरेत काही रोग नाही, दुखत नसेल तर हात लावायची गरज नाही, असं त्यानं आधी सांगितलं. हौस असेल तर जागेवरची भूल देऊन दोन-तीन बारीक छेद घ्यायचे, एक केसांत, एक भुवईत, आकड्यानं शीर धरून तुकड्या-तुकड्यानं ओढून काढायची आणि वर घट्ट पट्टी बांधायची. कपाळ काही आठवडे काळंनिळं राहील. ह्या सगळ्यातलं हिरामणला एवढंच ऐकू आलं, की जाईल.

इंदुबाईनं ऐकलं तेव्हा आधी तिचा विश्वास बसला नाही. ज्या फांदीवर बसलाय तीच कापायला निघालेला माणूस तिनं प्रत्यक्ष बघितला नव्हता. तिनं त्याला नाही म्हटलंच नाही.

"आधी सरूला सोडवा," ती म्हणाली. "चैत्र होऊ द्या. मग कपाळ चिरा नायतर अख्खं डोकं चिरा, मी विचारणार नाय."

त्यावर हिरामण जे बोलला त्यानं ती गार झाली. आई काय शिरेत राहते काय, आई माझ्यात राहते, असं तो म्हणाला. तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. खोटं बोलताना तो नाक चोळायचा. आज हात मांडीवर होते. म्हणजे बघा, बावीस वर्षं दात आवळून गावाला उल्लू बनवता बनवता हा गडी स्वतःच बनला होता. आरसा, गोठा, कोंडलेला श्वास, सगळं विसरला होता. ढोंगी माणूस परवडला, त्याला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. ह्या खुळ्याचं काय करायचं?

माघात तो न सांगता दुसऱ्या रविवारी जाऊन चिरून आला. गावाला सांगितलं की कंपनीत डोक्याला लागलं. उत्तम कामगाराला, ज्याच्या खात्यात अपघात होत नव्हता त्याला. पंधरा दिवस रजा टाकून खाटेवर पडला, मऊ भात द्या, पंखा घाला, माशी बसली. पट्टी निघाली तेव्हा कपाळ जांभळं होतं, मग हिरवं, मग पिवळं, आणि फाल्गुन संपता संपता उकडून सोललेल्या अंड्यासारखं निघालं. त्याचं स्वतःवरच प्रेम उतू चाललं. पावडर लावायचा. बाहेर जाताना मात्र माकडटोपी घालायचा, चैत्राच्या उन्हात, कारण हे रूप पुनवेला एकदमच गावाला दाखवायचं असं त्याच्या मनात होतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी इंदुबाईनं जे केलं, त्याची तिला पुढं कित्येक वर्षं लाज वाटली. तिनं नवऱ्याला मागच्या गोठ्यात नेलं, आरसा गव्हाणीत टेकवला आणि श्वास कोंडायला सांगितलं. ज्या सोंगापायी ती ह्या माणसावर आयुष्यभर मनातल्या मनात थुंकली होती, तेच सोंग आता तीच त्याला शिकवत बसली. दात आवळा, खाली जोर करा, आणखी. हिरामणचं तोंड तांबडं झालं, कान तांबडे झाले, डोळे बाहेर आले. कपाळ हललं नाही. पाच वेळा केलं, दहा वेळा केलं. मग तो कंटाळून उठला आणि म्हणाला, तू उगा घोर करतेस, आई येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर सगळं गाव जमलं. ढोल लागला, नारळ फुटले, हिरामण टोपी काढून दगडासमोर बसला. डोक्यावर भंडारा आणि कुंकू एवढं ओतलेलं, की आधी कुणाला काही कळलं नाही. तो घुमायला लागला. आणि ह्या वेळी तो खरोखर घुमत होता, इंदुबाईला ते लगेच कळलं. तोंडातून फेस येत होता, हातपाय त्याचे त्याच्या ताब्यात नव्हते. सरू लांब मिठागराच्या कडेला पाटी घेऊन काम करत होती. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"सरूचा दोष नाय," हिरामण ओरडला. "बांध तिच्यानं फुटला नाय. तिला गावात घ्या."

त्या दगडासमोर त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. इंदुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बाबाजी वाकला. त्यानं चष्मा लावला. मग अंगठ्यानं हिरामणच्या कपाळावरचं कुंकू पुसलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि भुवईपासून केसांपर्यंत बोट फिरवून बघितलं. ढोलवाल्यांनी हात आखडला. बाबाजी कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"शीर नाय," तो म्हणाला. "आई आली नाय."

मागं कुणी तरी फिसकन हसलं. हिरामण ढोल नसतानाही घुमतच होता, तोंडानं सरू, सरू चाललंच होतं. बायका पुढं होऊन कपाळ बघून जायला लागल्या. आणि मग गाव बोलायला लागलं, आणि गावाला अक्कल असती तर बावीस वर्षं फुकट गेली नसती. कुणी म्हणालं आई रुसली. कुणी म्हणालं का रुसली, तर हा पापिणीची बाजू घ्यायला निघाला म्हणून. दुसरा म्हणाला अरे म्हणूनच तर आईनं आपली शीर ओढून घेतली. बघता बघता ठरून गेलं, की सरूचं पाप एवढं भारी, की तिचं नाव घ्यायचं मनात आणलं तेवढ्यानं घरतांच्या तीन पिढ्यांची शीर गेली. जिला सोडवायचं होतं तिच्या गळ्यात दुसरा धोंडा बांधला गेला, तोही खरं बोलून.

इंदुबाई मग पुढं आली. पदर डोक्यावरून खाली पडला होता, तो तिनं घेतला नाही. तिनं सांगितलं, की शीर रोह्याच्या दवाखान्यात काढलीय, आईनं नाही, डॉक्टरनं. बघा, भुवईत छेदाची खूण आहे. तिनं गोठ्यातल्या आरशाचं सांगितलं. लोक एकमेकांकडं बघून मान हलवत होते. नवऱ्याची अब्रू गेली की बाईचं डोकं फिरतंच.

"बांध आमच्या वाट्यात फुटला," ती म्हणाली. "त्या साली आमी चिखलाची एक पाटी घातली नाय. मला तवापासून ठाऊक हाय."

बाबाजीनं तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेवढा तो सभ्य होता. मग त्यानं विचारलं, की ज्या दिवशी आईनं सरूचं नाव घेतलं, त्या दिवशी शीर भरली होती का नव्हती? होती, इंदुबाई म्हणाली. मग झालं तर, म्हातारा म्हणाला. शिरेनं बोललेला शब्द बाईमाणसाच्या शब्दानं फिरत नसतो. आणि गाव जेवायला उठलं. पंगत ठरलेली होती, वरण निवत होतं. हिरामण दमून दगडाला टेकून बसला होता. त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं आणि मग चिडून विचारलं, की चिखलाचं मधेच काढायची काय गरज होती. तिनं त्याच्याकडं बघितलं. राग यावा एवढंही काही त्या तोंडावर उरलं नव्हतं. ती तिथून चालू लागली.

ती घरी गेली नाही. सरू दुपारची घरी आली होती आणि ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होती. इंदुबाई तिच्या अंगणात गेली. पाच वर्षांत त्या अंगणात गावातलं दुसरं पाऊल पडलं नव्हतं. तिला वाटलं होतं, सरू उठेल, हाताला धरेल, दोघी रडतील. वाटेत तिनं मनाशी ठरवलंही होतं, की आता मीही वाळीत पडले तर पडले, आपण दोघी मिळून त्या डबक्यावर जाऊ. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सकाळी काय झालं, ती सगळ्यांसमोर काय बोलली, बाबाजी काय म्हणाला. सरूनं सूप मांडीवर ठेवलं होतं. सगळं संपल्यावर तिनं मान वर केली.

"तुला तवाच ठाऊक होतं?"

"व्हय," इंदुबाई म्हणाली. "शांतीचं लगीन व्हायचं होतं गो."

सरूनं तिच्याकडं बघितलं. हिरामणकडं बघताना इंदुबाईच्या तोंडावर जे बावीस वर्षं असायचं, तेच आता सरूच्या तोंडावर होतं, आणि इंदुबाईनं ते ओळखलं.

"गावानं सांगितलंय माझ्याशी कुणी बोलायचं नाय," सरू म्हणाली. "तू पण नको बोलू."

ती उठली, सूप घेऊन आत गेली आणि तिनं आतून कडी घातली.